कुत्रा का भुंकला नाही?

अक्षरओळख झाली. जोडाक्षरे आली. एस.टी.ची पाटी वाचता येते, सातबाऱ्यावरचे आपले नाव सापडते. मग आता पुढे काय वाचावे? आमच्या रात्रीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी निघतो.

"गुरुजी, पोथी वाचू का?" मावशी विचारतात. वाचा की. "खताची माहिती वाचू का?" तीही वाचा. पण आमचे मत विचाराल, तर आम्ही म्हणतो, आधी एक चांगली रहस्यकथा वाचा. हे ऐकून काही जण हसतात. काही जणांना वाटते, गुरुजींचे वय झाले.

आमचे म्हणणे साधे आहे. नव्या वाचणाऱ्याला पहिली दहा पाने जड जातात. बोट ओळीवरून सरकत नाही. दिवसभराच्या कामाने डोळे मिटतात. अशा वेळी अकराव्या पानाकडे नेणारी काहीतरी ओढ लागते. पुढे काय झाले, कोणी केले, ही ओढ रहस्यकथेत जेवढी असते तेवढी आम्हांला तरी दुसऱ्या कशात आढळली नाही.

आम्ही शाळेत होतो तेव्हा बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके घरोघर फिरत. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक. आम्ही अंकगणिताच्या पुस्तकात घालून ती वाचत असू. एकदा सापडलो. गुरुजींनी दोन छड्या दिल्या आणि पुस्तक काढून घेतले. चार दिवसांनी पाहतो तो मधल्या सुट्टीत तेच पुस्तक उघडून गुरुजी बसलेले! आम्ही तेव्हाच ठरविले की ही चीज वाईट असणार नाही.

परवा आम्ही वर्गात एक गोष्ट सांगायला घेतली. ती इंग्लंडातली आहे. आर्थर कॉनन डॉयल नावाच्या लेखकाने ती लिहिली आणि 1892 साली ती छापली गेली. त्याच्या गोष्टींत शेरलॉक होम्स नावाचा एक गुप्तहेर असतो. गोष्ट अशी.

एका ओसाड माळावर शर्यतीच्या घोड्यांचा तबेला होता. तिथे एक फार नावाजलेला घोडा होता. त्याच्या कपाळावर पांढरा पट्टा होता. थोड्याच दिवसांत मोठी शर्यत होती आणि लोकांनी त्या घोड्यावर पुष्कळ पैसे लावले होते. शर्यतीच्या आधी एका रात्री घोडा नाहीसा झाला. घोड्याला तयार करणारा माणूसही घरी नव्हता. सकाळी शोध घेतला तर माळावर त्याचे प्रेत सापडले. डोके फुटले होते. एका हातात बारीक पात्याची सुरी होती. दुसऱ्या हातात परक्या माणसाचा गळ्यात बांधायचा रुमाल होता.

तो रुमाल कोणाचा? आदल्या संध्याकाळी शहरातून एक माणूस तबेल्याशी आला होता. घोड्याची आतली बातमी द्या, पैसे देतो, असे म्हणत होता. पहाऱ्यावरच्या पोराने त्याच्यावर कुत्रा सोडायला घेतला तेव्हा तो पळाला. रुमाल त्याचाच निघाला. पोलिसांनी त्याला धरले.

"मंग झालं की," वर्गातले एक दादा म्हणाले. "धरला चोर. गोष्ट संपली."

गोष्ट संपली नव्हती. त्या रात्री तबेल्यात एक पोरगा पहाऱ्यावर होता आणि दोघे वर माळ्यावर झोपले होते. पहाऱ्यावरचा पोरगा सकाळी बेशुद्ध सापडला. त्याच्या जेवणात कोणीतरी अफूची पूड घातली होती. जेवण काय होते? मसालेदार मटण. हे वाक्य आम्ही मुद्दाम दोनदा वाचले आणि थांबलो.

वर्गात एक ताई आहेत. त्या लग्नकार्यात स्वयंपाकाला जातात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, अफू कडू असती. साध्या वरणात घातली तर पहिल्याच घासाला कळंल. रश्शात काय बी खपतं."

आम्ही म्हटले, बरोबर. मग पुढे?

ताई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पण त्या दिवशी मटण शिजवायचं हे त्या शहरातल्या माणसाला काय ठावं? त्यानं थोडंच सांगितलं, आज मटण करा म्हणून? ते घरातल्यांनी ठरिवलं."

वाचकहो, होम्स नेमका याच वाटेने जातो. आमच्या ताई तिसरी यत्तासुद्धा शिकलेल्या नाहीत. आम्ही मॅट्रिक झालेलो आहोत, पण ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मटणावरून आमची नजर सरळ पुढे गेली होती.

आता कुत्र्याचे. रात्री तबेल्यात कुत्रा होता. कोणीतरी आत आले, घोडा सोडला आणि बाहेर नेला. होम्स पोलिस अधिकाऱ्याचे लक्ष कुत्र्याकडे वेधतो. अधिकारी म्हणतो, कुत्र्याने तर काहीच केले नाही. होम्सला तेच नवल वाटते. माळ्यावर दोन पोरे निजलेली, त्यांना जाग येईल इतकासुद्धा कुत्रा भुंकला नाही. का?

हे कोणी शिकवावे लागले नाही. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "वळखीचा माणूस व्हता!"

तिसरी खूण मेंढरांची. तबेल्याच्या आसपास काही मेंढरे चरत. होम्स सहज विचारतो, मेंढरांना अलीकडे काही झाले आहे का? कळते की तीन मेंढरे लंगडू लागली आहेत. इथे आमचे मेंढपाळ दादा, जे एरवी वर्गात तोंड उघडत नाहीत, ते पुढे सरकून बसले. म्हणाले, "पावसाळ्यात खुरं सडत्यात. पर मंग कळपच लंगडतो. तीनच का?" थोडा वेळ त्यांनी विचार केला. मग उठून आमच्या कानात काहीतरी सांगितले. त्यांनी सांगितले ते बरोबर होते. ते काय होते हे आम्ही इथे लिहिणार नाही. वर्गातही सांगितले नाही. त्या रात्री चार जण पुस्तक मागायला आले आणि आमच्याजवळ प्रत एकच होती. भालबा केळकरांनी होम्सच्या गोष्टी मराठीत आणल्या आहेत. तालुक्याच्या वाचनालयात विचारा.

हा डॉयल स्वतः डॉक्टर होता. तो एडिंबरो शहरात वैद्यकी शिकला. तिथे जोसेफ बेल नावाचे शिक्षक होते. रोगी आत आला की तो काही बोलण्याआधी बेल त्याची हकीकत सांगत. एकदा एक माणूस आला. बेल म्हणाले, तुम्ही लष्करात होता, नुकतेच सुटलात, आणि तुमची पलटण बार्बाडोस बेटावर होती. सगळे खरे निघाले. विद्यार्थी चकित झाले. मग बेल यांनी उलगडा केला. माणूस अदबीने वागत होता, पण त्याने टोपी काढली नाही. लष्करात टोपी काढण्याची रीत नाही. नोकरी सुटून बरेच दिवस झाले असते तर तो गावातली रीत शिकला असता. आणि त्याला हत्तीपाय झाला होता. तो रोग स्कॉटलंडात होत नाही, तिकडच्या बेटांवर होतो. डॉयलने याच गुरुजींवरून होम्स रचला. 1893 साली कंटाळून त्याने होम्सला गोष्टीत मारूनही टाकले. वाचक इतके रागावले की 1903 साली त्याला परत जिवंत करावे लागले.

अगाथा ख्रिस्ती या बाईंची पुस्तकेही मराठीत मिळतात. पहिल्या महायुद्धात त्या दवाखान्यात औषधे देण्याचे काम करीत. तिथे त्यांना विषांची माहिती झाली आणि ती पुढे गोष्टींत कामी आली. त्यांचे पहिले पुस्तक 1920 साली निघाले. चांगल्या रहस्यकथेची खूण अशी की लेखक तुमच्यापासून काही लपवीत नाही. मटण, कुत्रा, मेंढरे सगळे तुमच्यासमोर मांडतो. तुम्हीच बघत नाही. जिथे शेवटच्या पानावर एकदम नवाच माणूस येतो आणि तोच चोर ठरतो, ती गोष्ट आम्ही बाजूला टाकतो.

वाचताना पात्रांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. परकी नावे लवकर विसरतात. आणि शेवट आधी बघू नका. आमच्या वर्गाने तर पुस्तकाची शेवटची पाने दोऱ्याने टाचून ठेवली आहेत. ज्याने आपला अंदाज वहीत लिहिला त्यालाच दोरा सोडायची परवानगी.

आता दुसरी गोष्ट. ही कोणी रचलेली नाही. ती आपल्या मुलखात घडली.

पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे बाजाराचे गाव आहे. आज ते बारामती तालुक्यात येते. 12 मे 1875 या दिवशी तिथे आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकाने लुटली गेली. एक घर जळाले. मग ही आग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरली. इंग्रज सरकारने पलटणी आणल्या आणि चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल 1876 साली तयार झाला.

आता होम्ससारखे पाहू. जमावाला काय हवे होते? धान्य? पैसा? सावकाराचा जीव? गावोगावच्या हकीकतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमाव सावकाराच्या दारात जाई आणि कर्जरोखे मागे. रोखे मिळाले की ते पेटवीत आणि बहुतेक ठिकाणी लोक तसेच परत फिरत. जिवावर फारसे कोणी उठले नाही. जे झाले नाही त्याच्याकडे बघा. ज्याला लुटायचे असते तो कागद हातात घेऊन परत जात नाही.

मग त्या कागदात काय होते? थोडे मागे जावे लागते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत आपसांत युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. म्हणून आपल्याकडच्या कापसाचा भाव भडकला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले आणि लोकांनीही ते घेतले. युद्ध संपले. भाव पडला. त्यातच 1867 पासून नव्या आकारणीने काही तालुक्यांत सारा चढला. सारा भरायला पुन्हा कर्ज. जुने कर्ज फिटेना म्हणून व्याज मुदलात मिळवून नवा रोखा. शेतकरी अंगठा किंवा निशाणी करी. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. पावती मागायची असते हेही ठाऊक नसे. सगळेच सावकार लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. सावकारही सरकारी कायद्याच्या आणि बाजाराच्या चाकात अडकलेला होता. पण कागद एकालाच वाचता येत होता, हा फरक मोठा.

पुढे 1879 साली शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो आधी लागू झाला. शेतकऱ्याने करून दिलेला रोखा गावच्या नोंदणी कामगारासमोर व्हावा, असे त्यात ठरले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

असा इतिहास तुमच्या आमच्या गावांचा आहे. तो लिहून ठेवणारी माणसेही झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गांवगाडा' हे पुस्तक काढले. बलुतेदार कोण, त्यांना काय मिळे, पाटील-कुळकर्णी काय करीत, हे त्यात आहे. ते वाचताना आमच्या वर्गात भांडण झाले. "आमच्या आज्याला असंच बलुतं मिळायचं" असे एक जण म्हणाला आणि "मिळायचं न्हाई, मागाय लागायचं" असे दुसरा म्हणाला. दोघेही आपल्या जागी खरे होते. नारायण गोविंद चापेकर यांनी आपल्या बदलापूर गावावर मोठे पुस्तक लिहिले. ते 1933 साली आले. गावातली घरे, माणसे, खाणेपिणे, भांडीकुंडी, बोलण्यातले शब्द, सगळे त्यांनी टिपले. तेव्हाचे ते गाव आज मोठे शहर झाले आहे. जुने बदलापूर आता त्या पुस्तकातच राहिले. तिथे म्हणे प्रवासी घोडे बदलीत, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. अशा ठिकाणी आम्ही वर्गात लगेच विचारतो, "कागद कुठाय?" नावाची गोष्ट गोड असली म्हणजे खरी असतेच असे नाही.

जिल्ह्याची गॅझेटियरेही पाहावीत. ठाण्याचे 1882 साली, पुण्याचे आणि साताऱ्याचे 1885 साली निघाले. ती इंग्रजीत आहेत आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेली आहेत. कोणी शिकलेला नातू हाताशी असेल तर त्याच्याकडून आपल्या गावापुरता मजकूर समजून घ्यावा.

आणि कागद! विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे गृहस्थ गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत. कुठे माळ्यावर, कुठे अडगळीत दप्तरे पडलेली असत. त्यांतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड छापले. पहिला 1898 साली निघाला. 1926 साली ते धुळ्यास वारले.

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या घरी आजोबांच्या वेळचे एक दप्तर होते. लाल फडक्यात बांधलेले, मोडी लिपीतले. मोडी आम्हांला येत नव्हती. बहिणीच्या लग्नाच्या वेळी घर साफ केले तेव्हा ते दप्तर आम्ही स्वतः बंबात घातले. पाणी चांगले तापले. आई "असू दे रे, ठेव" म्हणाली होती. आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो, आम्हांला जास्त कळत होते. सहा वर्षांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांशी वाद निघाला. चुलते म्हणाले, आपली पाळी कागदावर आहे, दप्तर काढा. कोणते दप्तर काढणार? तो वाद मिटला नाही. चुलते वारले तेव्हा आमच्या घरी बोलावणेसुद्धा आले नाही. त्या कागदांत पाळीचा कागद होता की नव्हता हे आता कोणालाच कळणार नाही. सुप्याच्या लोकांनी कागद जाळले त्याला कारण होते. आम्ही जाळले त्याला काही कारण नव्हते.

ही हकीकत आम्ही वर्गात सांगितली. दुसऱ्या दिवशी पोथी वाचू का म्हणणाऱ्या मावशी पदराखाली एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. डबीत तीन कागद होते. सासूने मरताना दिलेले. "जपून ठेव" एवढेच सांगितले होते, काय आहे ते सासूलाही ठाऊक नव्हते.

मावशींना घेऊन आम्ही तालुक्याला मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. दोन कागद साध्या पावत्या निघाल्या. तिसरा कर्जरोखा होता. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, त्यातच साल गेले. मावशींच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांचे नाव होते. चाळीस रुपये कर्ज, माळाकडचे शेत गहाण. खाली एक लहानसे चित्र होते. मावशींनी ते वाचणाऱ्याच्या आधी ओळखले. "ह्यो नांगर हाय!" ज्याला लिहिता येत नसे तो शेतकरी सही म्हणून नांगराची निशाणी करी. वाणी तागडीची करी.

"साल काय असंल?" मावशींनी विचारले. गृहस्थ म्हणाले, साल तर गेले. आम्ही कागद उलटासुलटा पाहिला. सावकाराचे नाव होते, दोन साक्षीदार होते, लिहिणाऱ्याचे नाव होते. नोंदणी कामगाराचा शेरा कुठेच नव्हता. आमचा जिल्हा त्या चारांपैकी एक आहे. आम्ही काही बोलण्याआधी मावशीच म्हणाल्या, "गुरुजी, शेरा न्हाई. म्हंजी कायद्याच्या आदूगरचा. कुत्रं भुकलंच न्हाई."

गृहस्थांना कुत्र्याचे काही समजले नाही. आम्ही त्यांना सांगितले की हे 1879 च्या आधीचे असावे. ते म्हणाले, असावे म्हणा, आहे म्हणू नका. खाल्लेल्या कोपऱ्यावरही शेरा असू शकतो. हे बरोबर आहे. आम्ही वहीत तसेच लिहिले.

परत येताना एस.टी.त मावशी बराच वेळ गप्प होत्या. माळाकडचे शेत आज त्यांच्या घरात नाही. ते कधी आणि कसे गेले हे या तीन कागदांत नाही. शेवटी त्यांनी विचारले, "गुरुजी, नांगर काढताना त्यांना कुनी वाचून दावलं आसंल का, वर काय लिव्हलंय ते?"

रोखा वाचून दाखविला असे कागदात लिहिलेले नाही. मावशींनी कागद डबीत ठेवले. घरी गेल्यावर त्यांनी वहीच्या पानावर तिन्ही कागदांची यादी केली. कोणता कागद कशाचा, कोणी वाचला, कोणत्या तारखेस. खाली आपले पूर्ण नाव लिहिले आणि ते पान डबीत सगळ्यांत वर ठेवले.